रोका-छेका : मोकाट गुरे, ग्रामपंचायत आणि दुसऱ्या पिकाचे संरक्षण

पीकसंरक्षणाचा विचार करताना आपल्यासमोर सर्वप्रथम कीड, रोग आणि तण ही त्रयी उभी राहते. छत्तीसगडच्या मैदानी प्रदेशात, म्हणजे रायपूर, दुर्ग, धमतरी, बलौदाबाजार, महासमुंद या धानपट्ट्यात, मात्र शेतकऱ्याला रब्बीत पीक का घेत नाही असे विचारले, तर पाण्याच्या खालोखाल जे उत्तर हमखास मिळते ते मोकाट गुरांचे. खोडकिडीसाठी फवारणी करता येते, करपा टाळण्यासाठी वाण बदलता येतो. परंतु शेजाऱ्याची पंचवीस-तीस गुरे एका रात्रीत हिरवे पीक फस्त करून गेली तर त्यावर कोणतीही शिफारस चालत नाही. हे नुकसान एका शेतकऱ्याच्या हाती नसते. ते टाळायचे असल्यास सारे गाव एका निर्णयावर यावे लागते आणि तो निर्णय पाळला जाईल याची हमी कोणीतरी घ्यावी लागते. छत्तीसगडमध्ये या सामूहिक निर्णयाला ‘रोका-छेका’ असे नाव आहे. रोकणे म्हणजे थांबवणे आणि छेकणे म्हणजे अडवणे, वाट बंद करणे. खरीप पेरणीच्या सुमारास गावाने एकत्र बसून गुरे मोकळी सोडायची नाहीत असे ठरवायचे, राखणदार नेमायचा आणि गुरांच्या उभ्या राहण्याची जागा निश्चित करायची, एवढा त्याचा गाभा आहे.

ही पद्धत जुनी आहे. गावाच्या कडेला गुरे जमण्याची जागा असते, तिला तेथे ‘दैहान’ म्हणतात. सकाळी घरोघरची गुरे दैहानावर आणायची, तेथून ‘पहटिया’ म्हणजे गावाचा गुराखी त्यांना चरावयास नेणार आणि सायंकाळी परत आणणार. त्याचा मोबदला बहुतांशी धान्याच्या रूपाने वर्षातून एकदा ठरलेला असे. विदर्भातील वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडील ‘आखर’ आणि दैहान यांत नावाखेरीज फारसा फरक नाही. ठरावाची वार्ता कोटवार दवंडी देऊन पोचवी, त्याला छत्तीसगडीत ‘मुनादी’ म्हणतात. गुराख्याचा मान सणावारांतही राखला जाई. दिवाळीच्या सुमारास राऊत समाजातील गुराखी गाईंच्या गळ्यात ‘सोहई’ नावाची माळ बांधतात, ती आजही अनेक गावांत बांधली जाते. माळ राहिली, गुराखी मात्र दुर्मीळ झाला.

व्यवस्था विस्कटण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. ट्रॅक्टर आल्याने बैलाचे काम संपले आणि गोऱ्हे जन्मतःच निरुपयोगी ठरू लागले. कोसली ही या मैदानी भागातील देशी गाय लहान चणीची, काटक, पण दुधाला फार कमी. ती आटली की तिला दावणीला बांधून खाऊ घालणे अल्पभूधारकाला परवडत नाही. कंबाइन हार्वेस्टरने कापणी होऊ लागल्यावर पैरा, म्हणजे आपल्याकडील तणस, शेतातच विखरून पडू लागले. पूर्वी खळ्यावरून घरी येणारा चारा आता घरी येतच नाही. गुराख्याच्या मुलाला रायपूर किंवा भिलाईत मजुरी अधिक मिळते. विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) छत्तीसगडमध्ये गोवंशीय जनावरांची संख्या एक कोटीच्या आसपास आहे. देशभरात त्याच गणनेत ५० लाखांहून अधिक गुरे मोकाट म्हणून नोंदली गेली. छत्तीसगडच्या गावांतील अडचण याहून व्यापक आहे, कारण तेथे मालक असलेली जनावरेही धानकापणीनंतर प्रथेने मोकळी सोडली जातात.

पंचायतीकडे सोपवलेले काम

डिसेंबर २०१८ मध्ये सत्तेवर आलेल्या राज्य सरकारने ‘सुराजी गाव’ या नावाखाली नरवा, गरुवा, घुरुवा, बारी असा चार अंगांचा कार्यक्रम हाती घेतला. नरवा म्हणजे ओढे-नाले, गरुवा म्हणजे गुरेढोरे, घुरुवा म्हणजे उकिरडा किंवा खतखड्डा आणि बारी म्हणजे परसबाग. यांपैकी गरुवा या अंगाखाली गावोगावी ‘गोठान’ उभारण्याचे ठरले. गुरांना दिवसभर थांबवण्यासाठी कुंपण किंवा चर असलेली जागा, सावली, पाण्याचे कोटने म्हणजे हौद, चाऱ्यासाठी माचाण, गांडूळखताचे टाके आणि शक्यतो लागूनच वैरणीचे शेत, अशी त्याची रचना होती. बांधकामाचा बराच भाग मनरेगातून झाला. ग्रामपंचायतीच्या आधाराने गोठान समित्या स्थापन झाल्या आणि खतनिर्मितीचे काम ‘बिहान’ या राज्य ग्रामीण आजीविका मिशनच्या महिला बचतगटांकडे आले. मंजूर गोठानांची संख्या पुढे दहा हजारांच्या वर गेली.

जून २०२० मध्ये खरिपाच्या तोंडावर रोका-छेका ही राज्यव्यापी मोहीम म्हणून घेण्यात आली आणि ग्रामपंचायतींना बैठका घेऊन ठराव करण्यास सांगण्यात आले. पाठोपाठ २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या दिवशी, गोधन न्याय योजना सुरू झाली. हरेली ही तेथील श्रावण अमावास्या. आपल्या अमान्त पंचांगाप्रमाणे ती आषाढ अमावास्या ठरते. या दिवशी शेतकरी अवजारांची पूजा करतात आणि गुरांना औषधी वनस्पती घातलेली पिठाची ‘लोंदी’ खाऊ घालतात. या योजनेखाली गोठानात शेण २ रुपये किलो दराने विकत घेतले जाऊ लागले आणि त्यापासून केलेले गांडूळखत १० रुपये किलोने विकले जाऊ लागले. जुलै २०२२ पासून गोमूत्रही ४ रुपये लिटर दराने घेण्यास प्रारंभ झाला.

या योजनेची देशभर चर्चा झाली ती शेणाच्या दरामुळे. प्रस्तुत लेखकाच्या मते विस्ताराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग तो नव्हता. शेणाला दर मिळाला की शेण गोठानात येते. गाय येईलच असे नाही. घरच्या गोठ्यातील शेण पाटीतून आणून विकता येते आणि गाय तशीच शिवारात फिरू शकते. गुरे बांधून ठेवण्यास खरोखर कारणीभूत ठरतात त्या दोन गोष्टी : गुराखी आणि चारा. ज्या गोठानांत या दोहोंची तजवीज झाली तेथे शिवार सुरक्षित राहिले, ज्या ठिकाणी केवळ टाके आणि फलक उभे राहिले तेथे गुरे पुन्हा रस्त्यावर आली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यात सत्ताबदल झाल्यावर शेणखरेदी थांबली आणि अनेक गोठान ओस पडले. २०२५ मध्ये विद्यमान सरकारने मोकाट गुरांसाठी ‘गौधाम’ योजना आणली आहे. योजना बदलत राहतील. पंचायतीपुढील प्रश्न, म्हणजे शिवार कोणी आणि कसे राखायचे, तोच आहे.

मेडपारची घटना

रोका-छेकाची चर्चा करताना एक घटना वगळून पुढे जाता येत नाही. जुलै २०२० च्या अखेरीस बिलासपूर जिल्ह्यातील तखतपूर तालुक्यात मेडपार या गावी मोकाट गुरे पंचायतीच्या जुन्या इमारतीत कोंडून ठेवण्यात आली. खोली लहान, हवा येण्यास वाट नाही. सकाळी दार उघडले तेव्हा ४० हून अधिक गुरे गुदमरून मेलेली आढळली. उभी पिके वाचवण्याच्या हेतूने केलेले काम होते. परंतु कोंडणे म्हणजेच राखणे अशी समजूत त्यामागे होती.

पशुसंवर्धनाचे प्रमाण असे सांगते की मोठ्या जनावरास छपराखाली सुमारे ३.५ चौरस मीटर आणि त्याखेरीज मोकळ्या आवारात सुमारे ७ चौरस मीटर जागा लागते. याचा अर्थ ५० जनावरांसाठी १७५ चौरस मीटर छप्पर हवे. शाळेची एखादी जुनी खोली पाच-सहा मीटर बाय आठ मीटरची असते. तिच्यात बारा-तेरा जनावरांपलीकडे जागा नाही, आणि तीही खिडक्या उघड्या असतील तरच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या शरीरातून उष्णता, बाष्प आणि वायू सतत बाहेर पडतात. पावसाळ्याच्या दमट रात्री बंद खोलीत हे सारे साचून राहते. म्हणून रात्रीसाठी पक्की इमारत शोधण्यापेक्षा उंचावरील, निचऱ्याची, चहूबाजूंनी उघडी आणि बांबूने वेढलेली जागा श्रेयस्कर. ज्या गावात अशी जागा नाही त्या गावाने ठराव करण्याआधी ती तयार करावी, ठरावानंतर नव्हे. शिंगे असलेले बैल, गाभण गाई आणि वासरे यांना एकत्र दाटीत ठेवू नये, ही साधी बाबही घाईत विसरली जाते.

खरिपाचा ठराव सोपा, रब्बीचा अवघड

रोका-छेकाचा ठराव बहुधा जूनमध्ये होतो आणि तो बऱ्यापैकी पाळलाही जातो. कारण उघड आहे. खरिपात प्रत्येकाच्या शेतात धान असते; माझी गाय शेजाऱ्याच्या पऱ्ह्यांत शिरली तर शेजाऱ्याची माझ्या पऱ्ह्यांत शिरेल, हे सर्वांना ठाऊक असते. कापणीनंतर हे समीकरण मोडते. शंभरातील दहा-पंधरा शेतकऱ्यांनाच रब्बीत काही पेरायचे असते, उरलेल्यांना धसकटांवर गुरे फुकट चारायची असतात. ज्याने लाखोळी पेरली तो एकटा पडतो. पुढच्या वर्षी तोही पेरत नाही. अशा रीतीने एखाद्या गावात दुसरे पीक नाहीसे होते आणि काही वर्षांनी ‘आमच्या जमिनीत रब्बी होतच नाही’ असे मत रूढ होते. विस्तार कर्मचाऱ्यांनी हे मत जसेच्या तसे स्वीकारण्यापूर्वी माती आणि गुरे यांपैकी खरी अडचण कोणती, हे तपासून पाहावे.

माती तपासण्यास छत्तीसगडी शेतकऱ्याचे स्वतःचे वर्गीकरण पुरेसे आहे. भाठा ही मुरमाड, उंचावरची जमीन. मटासी पिवळसर, हलकी ते मध्यम. डोरसा मध्यम ते भारी. आणि कन्हार काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. भाठ्यावर सिंचनाविना दुसरे पीक घेण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. डोरसा आणि कन्हार जमिनीत मात्र धानाच्या शेवटच्या ओलाव्यावर ‘उतेरा’ पीक सहज येते. उतेरा म्हणजे धान उभे असतानाच, कापणीपूर्वी साधारण पंधरा-वीस दिवस, चिखल पायाला लागेल इतकी ओल असताना, लाखोळी, जवस किंवा मसूर फोकून देणे. छत्तीसगडीत लाखोळीस ‘तिवरा’ म्हणतात. बियाणे हेक्टरी ७० ते ८० किलो घेऊन रात्रभर भिजवून फोकल्यास उगवण एकसारखी होते. बांधीत पाणी साचलेले असल्यास ते काढून द्यावे, अन्यथा बी कुजते. लाखोळीतील ओडीएपी हे विषारी द्रव्य पायाच्या पांगळेपणास कारणीभूत ठरते, म्हणून हे द्रव्य कमी असलेल्या रतन, प्रतीक आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने विकसित केलेल्या महातिवरा या वाणांचीच निवड करावी. घरचे जुने बी वापरण्याची सवय सुटत नाही; बियाणेबदल हा येथे आहाराच्या सुरक्षिततेचाही विषय आहे.

कापणी हार्वेस्टरने होणार असल्यास उतेरा साधत नाही, कारण यंत्राच्या चाकांखाली रोपे चिरडतात आणि वर पडलेल्या पैऱ्याखाली उरलेली रोपे पिवळी पडतात. अशा शेतांत कापणीनंतर ओल असेतो हरभरा पेरणे हा पर्याय राहतो.

आता राखणीचा हिशेब पाहू. एक हेक्टरचे चौरस शेत घेतले तर त्याची परिमिती ४०० मीटर होते. तेवढ्या लांबीचे कुंपण किंवा तेवढी राखण एका शेतकऱ्याने करायची. तीच पंचवीस शेते सलग असतील आणि त्यांचा मिळून ५०० मीटर बाजूचा चौरस होत असेल, तर बाहेरील परिमिती २,००० मीटर, म्हणजे हेक्टरी केवळ ८० मीटर. खर्च पाचपट घटतो. याच कारणाने रब्बीचा ठराव साऱ्या शिवारासाठी करण्याचा हट्ट धरण्याऐवजी सलग पट्ट्यासाठी करावा : कन्हार-डोरसा जमिनीचा एक चक निवडावा, तेथे सर्वांनी उतेरा किंवा हरभरा घ्यावा आणि उरलेल्या शिवारात गुराख्याच्या देखरेखीखाली चराई चालू ठेवावी. चकाची निवड करताना गुरांची पाण्याकडे जाणारी नेहमीची वाट त्यातून जात नाही ना, हे नकाशावर आधी पाहावे. वाट अडवली की कुंपण तुटतेच. अशी तडजोड न करता केलेला संपूर्ण बंदीचा ठराव डिसेंबरपर्यंतही टिकत नाही.

चाऱ्याचे गणित

गुरे थांबवायची तर त्यांच्यापुढे काही टाकले पाहिजे. समजा, गोठानात २०० जनावरे दिवसा थांबतात आणि प्रत्येकास रोज ४ किलो पैरा द्यावयाचा आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत १८० दिवस धरले तर १,४४,००० किलो, म्हणजे १४४ टन पैरा लागेल. हेक्टरी ४ टन पैरा निघतो असे धरल्यास हा ३६ हेक्टरांचा पैरा झाला. ज्या गावात २५० हेक्टर धान आहे तेथे एकूण पैऱ्याचा हा सुमारे सातवा हिस्सा. चारा नाही ही तक्रार म्हणजे प्रत्यक्षात चारा गोळा होत नाही ही तक्रार आहे. गोठान चालू असताना छत्तीसगडमध्ये शेतकऱ्यांना ‘पैरादान’ करण्याचे आवाहन होत असे आणि अनेक गावांनी ट्रॉल्या भरून पैरा दिलाही. हार्वेस्टरने कापलेल्या शेतात मात्र तो गोळा करण्यास बेलर यंत्र लागते. एकट्या पंचायतीस ते परवडत नसेल तर चार-पाच पंचायतींनी मिळून किंवा भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रातून ते आणावे. पैरा उचलला गेला की तो जाळण्याचेही कारण उरत नाही.

नुसता पैरा पोट भरतो, पोषण करीत नाही. त्यात प्रथिने ३ ते ४ टक्केच असतात. युरिया प्रक्रियेने हे प्रमाण वाढते. १०० किलो पैऱ्यासाठी ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर देत शिंपडावा, तुडवून दाबावा आणि प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा. उघडल्यावर खाऊ घालण्यापूर्वी काही वेळ हवेत पसरून उग्र वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा देऊ नये. हे काम गुरे उभी असतात त्या आवारात करू नये. युरियाचे पाणी तहानलेल्या जनावराने प्यायले तर विषबाधा होऊन ते दगावते. सार्वजनिक जागेत हा धोका घरच्यापेक्षा मोठा असतो, कारण तेथे बादलीवर नजर कोणाचीच नसते.

हिरव्या वैरणीच्या बाबतीत अनेक गोठानांची सुरुवातच चुकीच्या पायावर झाली. पंचायतीकडे मोकळी जमीन उरते ती बहुधा भाठ्याची. तेथे पाण्याविना संकरित नेपिअर लावले की उन्हाळ्यात ते वाळणारच. भाठ्यावर स्टायलो, दीनानाथ गवत आणि बांधावर सुबाभूळ किंवा शेवगा अधिक टिकतात. नेपिअर लावायचे तर कूपनलिका किंवा तळ्याचे पाझर लाभणाऱ्या जागी थोडेच लावावे आणि ते गाभण व दुभत्या जनावरांसाठी राखून ठेवावे.

गुराख्याचे वेतन

सर्व व्यवस्थेचा कणा हाच आहे आणि याच ठिकाणी पंचायतींची सर्वाधिक ओढाताण होते. पंधराव्या वित्त आयोगाचे (२०२१–२६) अबद्ध अनुदान अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांवर खर्च करता येत होते, आणि पशुसंवर्धन हा त्यांतील एक विषय आहे. परंतु वेतन आणि आस्थापना खर्चास त्यात मुभा नव्हती. कुंपण, हौद, छप्पर यांस पैसा मिळतो, गुराख्यास मिळत नाही. परिणामी बांधकाम पूर्ण आणि राखणदार गैरहजर, असे चित्र दिसते.

यावर जुनाच उपाय नव्या रूपात आणावा लागतो. उदाहरणादाखल, दोन गुराख्यांना दरमहा प्रत्येकी ९,००० रुपये द्यायचे ठरले तर १८,००० रुपये लागतील. २०० जनावरांवर वाटल्यास जनावरामागे महिना ९० रुपये येतात. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत पण ज्यांचे रब्बी पीक सुरक्षित राहते, त्यांच्याकडूनही हेक्टरी काही धान्य घ्यावे. त्यामुळे भार एकट्या पशुपालकावर पडत नाही. धान्याच्या रूपातील वसुली हास्यास्पद वाटण्याचे कारण नाही. पैशांपेक्षा ती अधिक नियमित होते, कारण मळणीच्या वेळी धान्य समोर असते.

गोठानातील शेण हे या खर्चाचे दुसरे साधन. १०० गुरे दिवसा गोठानात थांबली आणि तेथे जनावरामागे ४ किलो शेण मिळाले, तर १२० दिवसांत ४८ टन शेण जमते. त्यापासून साधारण ४० टक्के म्हणजे १९ टनांच्या आसपास गांडूळखत मिळू शकते. ताजे शेण थेट गांडुळांना देऊ नये. दहा-पंधरा दिवस पाणी मारून, उलथून, ते थंड होऊ द्यावे. उष्ण शेणात गांडुळे मरतात. आणखी एक बाब धानपट्ट्यात विशेष महत्त्वाची आहे : मोकळ्या चराईतील शेणात तणांचे न पचलेले बी असते, आणि गांडूळखताचे टाके कंपोस्टच्या ढिगाइतके तापत नाहीत. हे बी मरावे म्हणून शेण व काडीकचरा आधी ढीग करून चांगला तापू द्यावा, मग गांडुळे सोडावीत. अन्यथा खताबरोबर तणही शेतात परत जाते.

एकत्र आली की आजारही येतो

विखुरलेली गुरे एका जागी आणली की पिकाचा धोका कमी होतो, साथीचा वाढतो. पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्या यांची लस दिलेली नसेल तर गोठान चालू करू नये. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. २०२२ मधील लम्पी चर्मरोगाच्या साथीने दाखवून दिले की चावणाऱ्या माश्या आणि डास यांच्यामार्फत रोग किती वेगाने पसरतो. म्हणून गोठानातील शेण रोज टाक्याकडे हलवणे हे खतापुरते काम नाही. आवारापासून काही अंतरावर आजारी जनावरांसाठी वेगळे बांधण्याची जागा असावी. गर्भपात झालेल्या गाईचे वार उघड्यावर टाकू नये. चुना घालून खोल पुरावे आणि हाताळताना हातमोजे वापरावेत, कारण ब्रुसेला माणसालाही होतो. गोठानात काम करणाऱ्या बहुतेक महिला बचतगटाच्या सदस्य असतात आणि त्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

कानातील बारा अंकी बिल्ला लसीकरणाच्या नोंदीसाठी आहे, पण पंचायतीस तो दुहेरी उपयोगाचा ठरतो. मोकाट जनावराचा मालक त्यावरून शोधता येतो आणि ‘हे माझे नव्हेच’ हा वाद मिटतो. बिल्ले कापून जनावर सोडून देण्याचे प्रकारही घडतात. त्यावर गावातील नोंदवहीचाच आधार उरतो.

कायद्याचा वापर कुठवर

नुकसान करणाऱ्या गुरांसाठी कायदा जुना आहे. १८७१ च्या कॅटल ट्रेसपास अधिनियमानुसार पिकाचे नुकसान करणारे जनावर शेतकरी पकडू शकतो, मात्र चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोचवले पाहिजे. छत्तीसगडमध्ये कोंडवाड्यास ‘कांजी हाउस’ म्हणतात. दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून मालक जनावर सोडवून नेऊ शकतो. सात दिवसांत कोणी न आल्यास पुढील लिलावाची कार्यवाही सुरू होते. घरी किंवा गावच्या एखाद्या खोलीत जनावर दिवसचे दिवस अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. व्यवहारात दंडाची रक्कम इतकी अल्प असते की कोंडवाडा हाच स्वस्त चारा ठरतो, आणि भाकड गाईसाठी मालक येतच नाही. म्हणून दंडाला पहिले शस्त्र मानू नये. ठराव, गुराखी, चारा ही व्यवस्था उभी असताना वारंवार नियम मोडणाऱ्या दोन-चार घरांपुरता तो उपयोगी पडतो.

रस्त्यांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. पावसाळ्यात शिवारातून हाकललेली गुरे रात्री डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, कारण तेथे जमीन कोरडी आणि उबदार असते व वाऱ्यामुळे माश्या-डास कमी लागतात. रायपूर–बिलासपूर महामार्गावर अशा अपघातांत गुरे व माणसे दोहोंचे प्राण गेले आहेत आणि छत्तीसगड उच्च न्यायालयानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. महामार्गालगतच्या पंचायतींनी गळ्यात चमकणारे पट्टे बांधावेत हे योग्यच. परंतु गुरांना बसण्यास कोरडी, किंचित उंच, मुरूम टाकलेली जागा रस्त्यापासून दूर उपलब्ध केली, आणि सायंकाळी तेथे मूठभर चारा व कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला, तर ती स्वतःहून तेथे जमू लागतात. सवय लागण्यास काही आठवडे लागतात. त्या काळात गुराखी रात्रीही हवा.

ज्यांच्याकडे जमीन नाही

चराईबंदी म्हटली की महाराष्ट्रातील वाचकांना हिवरे बाजार आठवते. तेथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांच्या जोरावर डोंगर पुन्हा हिरवा झाला, आणि गवत कापून नेऊन गोठ्यात खाऊ घालण्याची रीत रुजली. छत्तीसगडची स्थिती दोन बाबतींत वेगळी आहे. येथे बंदी डोंगरावर नसून खाजगी शेतांवर आहे, आणि कापून नेण्याजोगे गवत उत्पन्न करणारे पाणलोट क्षेत्र बहुतेक मैदानी गावांत नाही.

यामुळे सर्वाधिक झळ बसते ती भूमिहीन कुटुंबांना. त्यांच्याकडे दोन गाई आणि पाच-सहा शेळ्या असतात, आणि धसकटांवरील मोकळी चराई हाच त्यांचा वर्षाचा चारा. गोठानात गाईची सोय होते, शेळीची होत नाही. आणि लाखोळीच्या पिकाला शेळी गाईपेक्षा अधिक घातक. ग्रामसभेत ही कुटुंबे बहुधा मागे बसतात आणि ठरावाच्या वेळी हात वर करतात, पण जानेवारीत त्यांचीच शेळी पकडली जाते. ज्या पंचायतींना रब्बीचा ठराव टिकवायचा आहे त्यांनी शेळ्यांसाठी तळ्याचा काठ किंवा भाठ्याचा एक तुकडा नावानिशी राखून ठेवावा, उतेऱ्याच्या काढणीनंतरचा लाखोळीचा भुसा भूमिहीनांना किती मिळेल हे ठरावातच लिहावे, आणि गुराख्याच्या वेतनाच्या वर्गणीतून एक-दोन जनावरे असलेल्या घरांना सूट द्यावी. हे लेखी नसेल तर मळणीच्या दिवशी कोणास आठवत नाही.

उतेऱ्याची फोक ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होते. चकाची आखणी, बियाण्याची मागणी, गुराख्याशी करार आणि पैरा साठवण्याची माचाणे या चारही गोष्टी त्याआधी व्हायच्या असतील तर रब्बीच्या ठरावाची बैठक नवरात्रापूर्वी घ्यावी लागते. त्या वेळी धान पोटरीत असते, लोकांना थोडी सवड असते आणि शेजाऱ्याची गाय आपल्या बांधावरून आत डोकावली की काय वाटते, हे प्रत्येकाला ताजे ठाऊक असते.